वाई ते सावंतवाडी: वाडे, विहिरी आणि सनदा

मराठी मुलखातली जुनी सरदार घराणी पाहायला निघालं की वाड्यांची यादी आधी तयार होते, आणि तिथेच फसगत होते. निम्मे वाडे पडलेत, उरलेल्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं, आणि जिथे आत सोडतात तिथे झुंबर, तलवारी आणि वाघाचं कातडं दाखवून बाहेर काढतात. म्हणून या वेळी यादी केली ती प्रश्नांची. घराण्याचं उत्पन्न कशाचं होतं? त्याचा कागद कोणी दिला? पैसा कुठे गेला? आणि त्यातलं लोकांच्या वापरात आज काय आहे? हे चार प्रश्न घेऊन दिवाळीनंतरच्या आठवड्यात पाच दिवस फिरणं झालं. हा काळ मुद्दाम निवडलेला. नद्यांना पाणी असतं, पण घाटांच्या पायऱ्या उघड्या झालेल्या असतात, आणि विहिरींत उतरता येतं.

निघण्याआधी तीन शब्द पक्के करून घ्यावेत, नाहीतर वाटेत सगळीच सरसकट 'जहागीर' होऊन जाते. फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल तो सरंजाम. नोकरी संपली, मर्जी फिरली, तर तो परत जायचा. सेवेबद्दल किंवा देवाधर्मासाठी वंशपरंपरेने दिलेली जमीन किंवा गाव म्हणजे इनाम. आणि पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही कामं पिढीजात, त्या कामाबरोबर आलेला हक्क म्हणजे वतन. घराणी धडपडायची ती सरंजामाचं इनामात रूपांतर कसं होईल यासाठी. पुढच्या पाचही दिवसांत ही धडपड वेगवेगळ्या रूपांत दिसत राहिली.

दिवस पहिला: वाई आणि मेणवली

पुण्याहून सहाला निघालं की नाश्त्याला वाई गाठता येते. कृष्णेवर धुकं होतं आणि गणपती आळीच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायका सोडल्या तर कोणी नव्हतं. ढोल्या गणपतीचं दर्शन सगळेच समोरून घेतात. देवळाच्या मागे मात्र जायलाच हवं. तिथली भिंत सपाट नाही. दोन्ही बाजू पुढे येत एका धारेला मिळतात, माशाच्या आकारासारख्या. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा या धारेवर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. देवळात झाडलोट करणारे काका म्हणाले, "देवाला पाणी लागतं, पण धक्का लागत नाही." हाताने चाचपलं तर सांध्यांत नखसुद्धा शिरत नाही.

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ त्याआधी पाच वर्षं, १७५७ मध्ये, आनंदराव रास्त्यांनी उभं केलं होतं. रास्ते मूळचे गोखले. त्यांचं नशीब पालटलं ते १७३० मध्ये, भिकाजी नाईकांची मुलगी गोपिकाबाई हिचं लग्न बाळाजी बाजीराव, म्हणजे पुढचे नानासाहेब पेशवे, यांच्याशी झालं तेव्हा. घरातली मुलगी पेशवीण झाली आणि भाऊ सरदार झाले. गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडला. त्यानंतरच्याच वर्षीचं हे देऊळ आहे. हे साल डोक्यात ठेवून गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की त्या अवाढव्य मूर्तीकडे बघण्याची नजर बदलते.

वाईहून मेणवली तीन किलोमीटर. इथला वाडा नाना फडणवीसांचा. नाना लढवय्ये नव्हते, तरी भलेभले सरदार त्यांना वचकून असत. याचं कारण राज्याच्या कारभाराच्या रचनेत आहे. सरदाराला सरंजाम मिळाला की त्याच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस हे दरकदार (कायम नेमणुकीचे अधिकारी) हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातून, नेमले जात. त्यांना काढून टाकणं सरदाराच्या हातात नसे. किती घोडी ठेवायची, किती खर्च करायचा हे सरंजामाच्या कागदात बांधून दिलेलं असे आणि हजेरी घेतली जाई. घोडी कमी भरली तर सरंजामावर आच. हे सगळे हिशेब शेवटी जिथे येत, त्या दफ्तरावर नाना बसलेले होते.

वसुलीची विभागणीही अशी की कोणाचाच पाय एका जागी घट्ट रोवला जाऊ नये. शंभर रुपये चौथाई, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाची वसुली, आली तर २५ 'बाबती' म्हणून राजाचे, ६ 'सहोत्रा' म्हणून पंत सचिवांचे, ३ 'नाडगौडा' म्हणून राजाच्या मर्जीने कोणाला तरी, आणि उरलेले ६६ सरदाराचा 'मोकासा'. शिवाय सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचा दहावा हिस्सा, वेगळी. एकाच परगण्यात तीन-चार घराण्यांचे हक्क एकमेकांत गुंतलेले. लेखणीशिवाय हा गुंता सुटत नव्हता, आणि म्हणून लेखणीवाल्या घराण्यांची चलती झाली.

मेणवली गाव नानांना १७६८ मध्ये मिळालं, तेही पेशव्यांकडून नव्हे. औंधचे पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री या छत्रपतींच्या दोन मानकऱ्यांकडून. म्हणजे पेशव्यांचा कारभारी सांभाळून ठेवावा असं छत्रपतींच्या प्रधानांनाही वाटू लागलं होतं. वाड्याला सहा चौक आहेत. पहिल्या चौकातून आत जाताना जोत्याची उंची बघत चला: सदरेचं जोतं उंच, कारकुनांच्या बसण्याची जागा त्याखाली, आणि फिर्यादी उभा राहील ती फरसबंदी सर्वांत खाली. कोण कुठे बसेल हे गवंड्यानेच ठरवून टाकलेलं. लाकडी खांब अजून शाबूत आहेत, काही भिंतींवर चित्रं तग धरून आहेत. इथेच सापडलेलं 'मेणवली दफ्तर' अभ्यासकांच्या रोजच्या कामातलं आहे.

मागच्या दाराने घाटावर उतरलं की मेणेश्वराचं देऊळ आणि जवळच दगडी चौथऱ्यावर टांगलेली मोठी घंटा. तिच्या अंगावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून आल्या आणि मराठी मुलखातल्या देवळांत वाटल्या गेल्या, त्यातलीच ही. गावातली पोरं तिच्याखाली सावलीला बसून मोबाईल बघत होती.

जेवण वाईतच, एका घरगुती खानावळीत: पिठलं, ज्वारीची भाकरी, लसणीचा ठेचा आणि ताक. संध्याकाळी पसरणीच्या बाजूने वारा उतरतो, स्वेटर हवाच.

जाणाऱ्यांसाठी: मेणवलीचा वाडा सार्वजनिक संग्रहालय नाही. देखभाल करणाऱ्या माणसाला विचारूनच आत जावं. आतल्या चित्रांवर फ्लॅश मारू नये. बॅटरी जवळ ठेवा, माजघराकडच्या खोल्यांत भर दुपारी अंधार असतो.

दिवस दुसरा: लिंब, किन्हई, औंध

महामार्गावरून लिंबच्या फाट्याला वळलं की शेरीच्या रानात बारा मोटेची विहीर आहे. वरून आमराई, उसाचे फड, आणि मधेच जमिनीत एक खाच. पायऱ्यांनी खाली उतरलं की दगडी कमानीतून समोर अष्टकोनी विहीर उघडते. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. आत शिरण्याच्या वाटेवर शिलालेख आहे: श्रीमंत विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, या काळात ही विहीर बांधून घेतली. विरूबाई सातारकर शाहू महाराजांच्या जनान्यातल्या. विहिरीच्या दोन भागांच्या मधोमध छोटा महाल आहे. खांबांवर मारुती, गणपती, हत्ती, घोडेस्वार कोरलेत. भिंतीत व्याल, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, आहेत. बाहेर ऊन तापलं होतं आणि महालात गारवा होता, अंगावर शहारा यावा इतका.

वर मोटांच्या, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्यांच्या, जागा नीट बघाव्यात. प्रत्येक मोटेला पुढे आलेले दगडी हात, त्यात चाकाच्या आसाची भोकं, त्यामागे पाणी ओतण्याचं थारोळं आणि तिथून निघणारा पाट. एका मोटेला एक बैलजोडी आणि एक मोटकरी. बारा मोटा एकदम चालायच्या तर चोवीस बैल, त्यांचा चारा, नाडे, चामड्याच्या मोटा शिवणारा चांभार, आणि पहाटेपासून उतारावर मागेपुढे करणारी माणसं. शिलालेखात विरूबाई आहेत. मोटकऱ्यांचं नाव कुठेच नाही. घराण्यांच्या इतिहासात हे सतत खटकत राहतं आणि ते खटकलंच पाहिजे. फडातून वैरणीचा भारा घेऊन आलेल्या आजी टेकल्या होत्या. "आमच्या सासऱ्यानं मोट हाकली हितं," त्या म्हणाल्या. "आता मोटार हाय. पर पानी त्येच." तीनशे वर्षं झाली, विहीर अजून आटलेली नाही.

साताऱ्यात कंदी पेढे घेऊन कोरेगावच्या रस्त्याला लागलं की बाजूला किन्हई. पंतप्रतिनिधींचं मूळ इथलं. घरात किन्हईचं कुलकर्ण होतं. त्या घरातले परशुराम त्रिंबक राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी लढताना पुढे आले आणि प्रतिनिधी झाले. प्रतिनिधीपद राजाराम महाराज जिंजीला असताना निर्माण झालं आणि त्याचा मान अष्टप्रधानांच्याही वर. पुढे शाहू आणि ताराबाई यांच्यात राज्य दुभंगलं तेव्हा या घराण्याचं जे झालं ते नीट लक्षात घेण्यासारखं आहे. एका मुलाकडे शाहूंच्या बाजूचं प्रतिनिधीपद, त्याची शाखा औंधची. दुसऱ्याकडे कोल्हापूरकरांचं प्रतिनिधीपद, त्याची शाखा विशाळगडची. गादी कोणाचीही राहो, घराणं टिकणार. हे असं एकट्या प्रतिनिधींचं नाही. भावाभावांनी दोन छावण्यांत असणं हा त्या काळातल्या घराण्यांचा विमाच होता.

औंधला पोचेपर्यंत दुपार कलली. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं, १९३८ मध्ये सुरू झालेलं. तालुक्याचंही ठिकाण नसलेल्या गावात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आणि हेन्री मूरचं 'माता आणि बालक' हे शिल्प आहे यावर तिथे गेल्याशिवाय विश्वास बसत नाही. हे जमवणारे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि सूर्यनमस्कार घरोघरी नेणारेही तेच.

पण बाळासाहेबांचं खरं काम संग्रहालयात दिसत नाही. औंध संस्थान ७२ गावांचं, आणि तीही सलग नव्हेत. औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडचं गुणदाळ अशा चार तुकड्यांत. १९१० मध्ये त्यांनी कुंडलजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला, तीच किर्लोस्करवाडी. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली घटना लागू करून कारभार लोकांच्या हाती सोपवला. पंचायती निवडून आल्या, त्यांच्यावर तालुका आणि मग विधिमंडळ. या कामात त्यांचे पुत्र अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते होते. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची बिनभिंतीची वसाहत सुरू झाली. स्वतःच्या हाताने सत्ता सोडणारा राजा हा मराठी मुलखातला फार मोलाचा वारसा आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

जाणाऱ्यांसाठी: औंधला मुक्कामाची सोय मर्यादित आहे, आधी बोलून ठेवा. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार फोन करून विचारा. पूर्ण बघायला निदान तीन तास काढा. लिंबच्या विहिरीला कठडा सगळीकडे नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.

दिवस तिसरा: तासगाव, सांगली, मिरज

रात्री अवेळी पाऊस झाला. सकाळी विट्याच्या रस्त्यावर ढग उतरलेले, आणि तासगाव जवळ आलं तसे द्राक्षबागांत फवारणीचे ट्रॅक्टर दिसू लागले. चहाच्या टपरीवर एकच विषय होता: घडांवर डावणी हा बुरशीचा रोग येतो की काय. मुठीत बेदाणे ठेवत टपरीवाले म्हणाले, "हे गेल्या सालचे. ह्या सालचं देवाला ठावं."

तासगावच्या गणपतीचं गोपुर दुरूनच दिसतं. महाराष्ट्रात ते एकदम परकं वाटतं: दक्षिणी घडणीचं, सात मजली, ९६ फूट. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कर्नाटकच्या मोहिमांत अशी गोपुरं पाहिली आणि तसं आपल्या गावी उभं केलं. काम १७७९ ला सुरू झालं, १७९९ ला संपलं. त्याच वर्षी पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले. इथला गणपती उजव्या सोंडेचा आणि दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला त्याचा तीन मजली रथ निघतो. दोरखंड धरायला हजारो माणसं येतात.

पटवर्धनांची चढती कमान समजून घेण्यासारखी आहे. मूळ पुरुष हरभट कोकणातल्या कोतवड्याचे. ते इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये झाले. आणि ते घोरपडेसुद्धा मूळचे जोशी! संताजी घोरपड्यांच्या पदरी राहून नारो महादेवांनी धन्याचं आडनाव लावलं, पुढे त्यांच्या मुलाला बाळाजी विश्वनाथांची मुलगी अनुबाई दिली. उपाध्याची मुलं यजमानाच्या ओळखीने पेशव्यांच्या फौजेत शिरली, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात म्हैसूरचा हैदर आणि कोल्हापूरकर या दोघांना रोखण्यासाठी मिरजेचा मोठा सरंजाम गोविंद हरी पटवर्धनांच्या नावे झाला. दोन पिढ्यांत पळी-पंचपात्रापासून हजारो स्वारांपर्यंत.

आणि मग वाटण्या. १८०१ मध्ये चुलत्याशी पटेना म्हणून चिंतामणराव आप्पासाहेब आपला गणपती घेऊन मिरजेतून निघाले आणि सांगलीला आले. त्यानंतर वाटण्या होत गेल्या, तासगावची शाखा वारसाअभावी १८४८ मध्ये खालसा झाली, आणि १९४८ ला विलीनीकरण झालं तेव्हा सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, जमखंडी, थोरलं कुरुंदवाड, धाकटं कुरुंदवाड अशी सहा पटवर्धनी संस्थानं नकाशावर होती. इथले जुने लोक 'थोरली पाती', 'धाकटी पाती' हे शब्द अजून सहज वापरतात.

सांगलीच्या गणपतीच्या देवळात संध्याकाळी गर्दी होती. वाडे ओस पडत असताना देवळं कशी काय चालू, याचं उत्तर कायद्यात आहे. मुंबई राज्याने १९५० नंतर वतनं, व्यक्तिगत इनामं आणि सरंजाम एकामागून एक रद्द केले. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळं मालक झाली. पण देवस्थान इनाम राहिलं. आजही अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' अशी नोंद दिसते. घराण्याने स्वतःसाठी राखलेलं गेलं, आणि देवाच्या नावावर घातलेलं शिल्लक आहे. मात्र देवस्थानच्या जमिनी कसणाऱ्यांना मालकी मिळाली नाही. त्यांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि रास्त आहे.

सांगलीच्या याच दरबारात १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करून गेली. चिंतामणरावांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं मराठीत बसवायला सांगितलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' झालं. मराठी रंगभूमी दिन पाळतात तो याच तारखेला. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय आटला, भाव्यांवर कर्ज होतं. मग मंडळी घेऊन ते फिरतीवर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केला. प्रेक्षकाने पैसे मोजून नाटक बघण्याची रीत अशी राजाच्या मृत्यूतून सुरू झाली.

उरलेली संध्याकाळ मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत. एका कारखान्यात साठी ओलांडलेले कारागीर मांडीत तंबोरा घेऊन जवारी, म्हणजे तारेला गुंजता सूर देणारी घोडीची घासणी, काढत बसले होते. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा शिकलगारी, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी आणि धार देण्याचा. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, सरदारांच्या फौजा मोडल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही. तेव्हा मिरजेच्या शिकलगारांनी गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. मिरज संस्थानिकांनी आश्रय दिला आणि गावाचा धंदाच बदलला.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो शेतात उभा वाढवावा लागतो, पालथा पडला की तळ बसतो आणि आवाज जातो. काढल्यावर महिनोन्‌महिने सुकवायचा. मग पाण्यात भिजवून तोंड कापायचं, आतून काठ्यांचा ताण देऊन आकार धरायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. लाकूड ओलं राहिलं तर पहिल्याच उन्हाळ्यात दांडी वाकते. शेवटी घोडीवर तारेखाली दोरा सारून जवारी. "कानस एकदा जास्त फिरली की गेलं," कारागीर म्हणाले. "लाकूड परत लावता येत नाही." त्यांनी तार छेडली, बोटाने दोरा केसभर सरकवला आणि परत छेडली. पहिल्या वेळी ठक्क आवाज होता, दुसऱ्या वेळी सगळी खोली भरली. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ मध्ये ते गेले. मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे दर वर्षी गवई हजेरी लावतात.

जाणाऱ्यांसाठी: वाद्य विकत घ्यायचं तर आधीच सांगून ठेवा, चांगला तंबोरा तयार मिळत नाही, घडवून घ्यावा लागतो. कारागिरांच्या गल्लीत सकाळी दहानंतर जा. सांगलीचं भडंग प्रवासात टिकतं, पण पिशवी उघडली की दमट हवेत तासाभरात मऊ पडतं.

दिवस चौथा: कोल्हापूर

मिरजेहून येताना जयसिंगपूर लागतं. चौकातून जाणारे सरळ, काटकोनी रस्ते बघितले की कळतं हे गाव आपसूक वाढलेलं नाही. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसवली.

कागलचे घाटगे आदिलशाहीपासूनचे वतनदार. त्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. ज्या वर्षी तो आला, त्याच वर्षी मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याचा नवा राजवाडा पुरा झाला. काळ्या दगडाचा, अष्टकोनी घड्याळमनोऱ्याचा. लोक राजवाड्यात गर्दी करतात. आम्ही तिथे तासभरच थांबलो आणि बाकी दिवस वसतिगृहांच्या इमारती शोधत फिरलो, कारण शाहूंचं राज्य तिथे आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, शिंपी, सोनार, अशी समाजासमाजाची वसतिगृहं. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठे, जेवणार कुठे, या अडचणीला दिलेलं हे उत्तर. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या गेल्या. जागा भरायला शिकलेली मुलं हवीत, म्हणून बोर्डिंगं; ही दोन कामं एकमेकांवर टेकलेली होती.

स्वतः वतनदारांच्या घरात जन्मलेल्या या राजाने १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनावरही हात घातला. वतन म्हणजे मान असं ऐकत आपण वाढतो, पण महार वतनाच्या तुकडाभर जमिनीबदल्यात सगळ्या घराला गावाचं पडेल ते काम रात्रंदिवस करावं लागे. सांगावे नेणं, गुरं ओढणं, सरकारी ओझी वाहणं. वतन मोडलं तेव्हा ती वेठ सुटली. एका बोर्डिंगच्या व्हरांड्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पसरून बसलेल्या पोरांनी सरकून जागा दिली आणि "चहा घेणार काय, सर?" म्हणून विचारलं.

रात्री तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा आधी, गरम असतानाच प्यावा. गार झाला की वर चरबीची साय धरते आणि चव बसते.

दिवस पाचवा: राधानगरी आणि सावंतवाडी

सावंतवाडीला बहुतेक लोक आंबोलीवरून जातात. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट हा रस्ता घ्यावा तो धरणासाठी. भोगावतीवरचं हे धरण आणि राधानगरी हे गाव दोन्ही शाहूंनी मनावर घेतलेली. गावाला नाव मुलीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं. काम पैशाअभावी अडलं, १९२२ मध्ये शाहू गेले, आणि धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. सात स्वयंचलित दरवाजे आहेत; पाणी ठरलेल्या पातळीला आलं की कोणी कळ न दाबता उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कोल्हापूरची ऊसशेती समजून घ्यायची तर इथून सुरुवात करावी. पुढे सहकारी साखर कारखान्यांतून जी नवी नेतेमंडळी निघाली, तिच्या मुळाशीही हे पाणी आहे. लिंबच्या विहिरीने एक आमराई भिजवली होती, इथे अख्खं खोरं भिजतं.

फोंडाघाटात दाट धुकं लागलं, दिवे लावून चालवावं लागलं. खाली उतरताच उकाडा. सोलकढी, घावणे, आणि झाडाखाली खुर्च्या टाकलेलं हॉटेल.

सावंतवाडीचे सावंत-भोसले हे मुळात आदिलशाहीच्या आधीनचे देसाई. पोर्तुगीज, कोल्हापूरकर आणि इंग्रज यांच्या कात्रीत त्यांनी हे छोटं राज्य राखलं. मोती तलाव १८७४ चा. त्याच्या काठी राजवाडा. इथल्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांना सगळे ओळखतात. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, मात्र जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या चिताऱ्याकडून ती शिकून राजवाड्यातच काम सुरू केलं.

पूर्वी पान असं बनत असे: जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप, घोटून गुळगुळीत, गोल कापून मागे लाखेचा रंग. खळ पातळ झाली तर थर सुटतात, जाड झाली तर पान सुकताना वाटीसारखं वळतं. दशावतारी गंजिफेत १२० पानं. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कलंकी असे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. गंमत अशी की पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. नवा खेळाडू इथेच हरतो.

ब्रश धुवून ठेवत असलेल्या चित्रकार ताईंना विचारलं, पहिलं पान कोण टाकतं? त्यांनी उलट विचारलं, "आता वाजले किती?" दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातात असेल तो सुरुवात करतो, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असणारा. खिडकीबाहेर तलावावरचा उजेड निवत चालला होता. "मग कृष्ण," त्या म्हणाल्या आणि पानं वाटायला घेतली.